होऊन जाईल

नाही नाही मिस्त्री, तिथे नाही — इकडे या, फळ्यासमोर. ती दाराजवळची खुर्ची म्हणजे फोन कानाला लावून अर्ध्यातून बाहेर सटकणाऱ्यांची. तुम्हाला सटकायचं नाहीये. आणि पिशवी पायाशी काय लपवताय? वर ठेवा, टेबलावर. मोजायची टेप काढून ठेवा समोर, दिसू दे. कपडे? काय झालंय कपड्यांना? स्वच्छ आहेत, इस्त्रीचे आहेत — बाहीला भुसा आहे थोडा, तो असू द्या, तुम्ही सुतारकाम करता, तो काय बँकेत लागणार आहे? बसा.

साहेबांना माहीत आहे का? आहे. काल संध्याकाळीच सांगितलं. काय म्हणाले विचारू नका — बरं, विचारलंतच तर सांगते. म्हणाले, ‘पहिल्याच मीटिंगला सुतार आणून बसवता? शाळेवाले काय म्हणतील?’ मी म्हटलं, शाळेला वाचनालय हवंय, कपाटं हवीत, मुलांना बसायला बाकं हवीत — ती काय तुम्ही करणार आहात? अठरा वर्षं मी या कंपनीच्या मीटिंगा लावतेय, मिस्त्री. खुर्च्या मी लावते, विषय मी काढते, कोण काय बोललं ते मी लिहिते. आणि अठरा वर्षं हेच — नवं काम आलं की साहेब चाळीस चित्रं दाखवणार, आपली कंपनी कधी निघाली, किती मोठी झाली, समोरचे माना डोलावणार, चहा होणार, हात मिळवणार, संपलं. काम काय, कोण करणार, कुणाला विचारायचं, काय करायचं नाही — एक अक्षर नाही! ती काय मीटिंग झाली? तो साखरपुडा झाला.

आज चित्रं नाहीत. प्रोजेक्टरची तार काढून माझ्या खणात ठेवलीय, शोधू दे त्यांना. आज हा एक कागद. एकच, दोन्ही बाजूंनी सुद्धा नाही. बघा — इथे काम, आणि इथे, या रकान्यात, कोण. ‘टीम’ नाही, ‘ऑफिस’ नाही, ‘आपण सगळे’ तर अजिबात नाही. माणूस. आणि एक शब्द आज या खोलीत बोलायचा नाही, मी फळ्यावर लिहूनच ठेवणार होते, पण म्हटलं पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. ‘होऊन जाईल.’ हसू नका! तुम्हीही म्हणता, मला ठाऊक आहे, दिवसातून दहादा म्हणता. मीही म्हणते. दुधाचं काय, होऊन जाईल. पंख्याचं काय, होऊन जाईल. पण शाळेत शिकलो होतो ना, वाक्यात कर्ता कुठाय ते शोधा? शोधा बरं यात. आहे कुणी? आपोआप होणार ते, पाऊस पडल्यासारखं. शाळेच्या मुख्याध्यापिका येतायत आज, त्यांच्यासमोर असलं वाक्य टाकलं तर कान धरतील.

त्यांचीच अट आहे ती, हो. तुमच्या कानावर आलीच असेल, वर्कशॉपमध्ये काय लपतं. ‘हॉस्पिटलचं काउंटर ज्या मिस्त्रींनी केलं ते आमच्या कामावर नकोत.’ असं लिहून पाठवलंय. आणि साहेबांनी तोडगा काय काढला? काम तुम्हीच करायचं, वर्कशॉपच्या आत, नाव मात्र दुसऱ्या कुणाचं तरी पुढे करायचं. म्हणजे हात तुमचे आणि तोंड दुसऱ्याचं! म्हणून तुम्हाला बोलावलं. दाराआडून काम करायला तुम्ही चोरी केलीय का काही?

पाणी घ्या ना. घ्या.

ते काउंटर — हो, बोलू या, त्यासाठीच तुम्हाला अर्धा तास आधी या म्हटलं. सरळसोट साडेतीन फूट उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी एक भाग अडीच फुटांवर हवा होता. नकाशात तो नव्हताच. तुम्ही नकाशाप्रमाणे केलंत, इंचाचा फरक नाही, मी स्वतः मोजलंय नंतर. तरी खापर तुमच्यावर फुटलं, तुम्हाला त्या कामावरून काढलं, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. का बोलला नाहीत हो? भांडायचं होतंत! मी असते तर — नाही, मी काय. मी होतेच की तिथे.

त्या पहिल्या मीटिंगला हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी विचारलं होतं, खाली बसलेल्या माणसासाठी उंची कमी लागेल, ते कोण बघणार? बरोब्बर विचारलं होतं. आणि कुणीतरी म्हणालं, होऊन जाईल. सगळ्यांना बरं वाटलं, पुढचा विषय निघाला. मग दुसऱ्या दिवशी टिपणं लिहिताना त्या ओळीपुढचा रकाना रिकामा दिसला. रिकामा रकाना वाईट दिसतो, मिस्त्री. म्हणून तिथे लिहिलं — हे पान आहे, बघा. चष्मा नाही आणला? मीच वाचते. ‘काउंटरची उंची — मिस्त्री.’ तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. तुम्ही त्या खोलीत नव्हतातच. तक्रार आली तेव्हा हेच पान पुढे झालं. हे अक्षर माझं आहे.

आणि होऊन जाईल म्हणालं ते कुणीतरी नाही. मीच म्हणाले.

थांबा, बोलू नका, मला पुरं करू द्या. चार महिने मला काही वाटलं नाही, हे खरं सांगते. जेवत होते, झोपत होते. मग गेल्या महिन्यात बाबांना घेऊन गेले त्याच हॉस्पिटलात, त्यांचा पाय गेल्यापासून ते खुर्चीतच असतात. काउंटरसमोर त्यांना नेलं आणि मी गाडी लावायला गेले. परत येते तर आतली मुलगी म्हणतेय, ‘पुढचे कोण? या ना पुढे!’ आणि बाबा तिच्या पुढ्यातच, लाकडाच्या खाली — हात वर करून कागद हलवतायत. पहिलीतल्या पोरासारखा हात वर. चाळीस वर्षं त्यांनी कोर्टात वकिली केली हो, त्यांचा आवाज तिसऱ्या खोलीत जायचा. आणि ते मला विचारतात, ‘हे कुणी केलं गं?’ तर माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, ‘एक मिस्त्री होता.’

बाबांना! कुणी विचारत नव्हतं, कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं, तरी तुमचंच नाव आलं तोंडात. तेव्हा मात्र लाज वाटली. इतकी की त्यांच्याकडे बघवेना.

हं, लिफ्ट वाजली. माफ करा वगैरे म्हणू नका मला, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणाल काहीतरी ‘जाऊ द्या ताई’. जाऊ द्यायचं नाहीये. साहेब म्हणतात हे बोललात तर काम हातचं जाईल. जाईना का! उद्यापासून येऊ नका म्हणतील, म्हणू देत. तुम्ही फक्त उठू नका. काही झालं तरी उठायचं नाही.

या बाई, या, नमस्कार. ह्या तुमच्या ग्रंथपाल ना? बसा इथे, यांच्या शेजारी, टेबलाच्या पलीकडे नको. आमचे डिझायनर त्या खुर्चीत. आणि ही माझी. — नाही साहेब, पाचच आहेत खुर्च्या, मोजूनच लावल्यात. तुमच्यासाठी बाहेरून आणावी लागेल एक. तार? तारेचं नंतर बघू. — मिस्त्री, बसा म्हटलं ना!

तर बाई, हा कागद. पहिल्याच ओळीपुढे माझं नाव आहे. हॉस्पिटलचं काउंटर तेवढं उंच कसं झालं ते आधी सांगते. झालं नाही. मी केलं.