शून्य सम की विषम?

गणिताच्या तासाला मुलांना आपसात बोलू द्यायचं, हा माझा हट्ट. पनवेलच्या आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "नुसता गोंगाट झाला तर बंद करायचं हं, बाई."

परवा तिसरीच्या वर्गात मी विचारलं, "शून्य सम की विषम? शेजारच्याला पटवून द्या."

सानिया म्हणाली, "सम. सहातून दोन-दोन काढत ये. चार, दोन, शून्य. सगळे समच येतात."

शेजारचा हर्षद ऐकेना. "शून्यात काय हायच नाय, तर जोडी कोनाची लावायची? सम नाय."

दोघं अशी भांडली, की मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी घाईघाईने विचारलं, "हर्षद, काय ठरलं?"

"सम हाय, बाई. सानियाचं पटलं."

मी खूश. "आणि सानिया, तुझं?"

"सम नाही, बाई. मला हर्षदचं पटलं."

आता उत्तर सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर दोघं एकदम ओरडली, "बाई, तुम्ही सांगू नका!" आणि पुन्हा जुंपली.

मुख्याध्यापिका आत आल्या. म्हटलं, संपलं. तर माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "पण बाई, खरं काय आहे हो?"