जवळ्याला नेलेला निरोप

दुभाष्याचं काम सोपं, असं तुम्हाला वाटतं ना? मग हे ऐका.

निजामाच्या राज्यात मी एका विलायती अभ्यासकाचा दुभाषा होतो. हा साहेब गावोगाव लोकांना सासर-माहेराबद्दल विचारायचा. त्याचे प्रश्न मी मराठीत सांगायचो आणि उत्तरं इंग्रजीत.

पुसेगावात हलिमाबी भेटली. मी विचारलं, “माहेरी शेवटचं कधी गेलात?”

तिनं उलट मलाच विचारलं, “तुमी इथून कुठं जाऊन राहिले?”

“जवळा बाजारला.”

“तिथं माझे अब्बा हायेत, रहीमभाई रंगारी. माझ्या मालकाशी भांडून गेले, त्याला नऊ वर्सं झाली. त्यांना सांगा, मालकाचा राग कवाच गेला. हलिमा वाट पाहून राहिली.”

जवळ्यात रहीमभाई एक लुगडं रंगवत होते. निरोप ऐकून त्यांनी ते हंड्यातच सोडलं.

“बराबर हलिमाच बोलली ना?” त्यांनी दोनदा विचारलं.

मी होय म्हणताच त्यांनी निळ्या हातांनीच डोक्याला रुमाल गुंडाळला आणि चालू लागले.

साहेब गोंधळला. “यांना अजून एकही प्रश्न विचारला नाही. हे निघाले कुठं?”

मी मागं धावत तेच विचारलं. रहीमभाई थांबले नाहीत.

“पुसेगावला. नऊ वर्सं दर बाजारी त्या रस्त्यापर्यंत जाऊन परत फिरत व्हतो, बाबा. आज लेकीनं बोलावलं.”

ते सगळं मी साहेबाला इंग्रजीत एवढंच सांगू शकलो, “लेकीकडं.”