निघून जाण्याचा धडा

(मोशीतला एक हॉल. संस्थेतल्या वर्षाली मॅडमचा रविवारचा जीवनकौशल्याचा वर्ग नुकताच सुटलाय. गॅरेजवाले हनीफचाचा चपला काढून दारातच उभे आहेत. आत यावं की न यावं, हे त्यांचं अजून ठरत नाही.)

हनीफ: स्कॅनर सापडला, वर्षाली मॅडम.

वर्षाली: कुठं?

हनीफ: ताथवड्याच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत. बिघाड ओळखायचं काडेपेटीएवढं मशीन ते, स्टिअरिंगखाली लावलेलंच राहिलं. दोन दिवस तो ते घेऊन फिरला आणि वर आज मलाच विचारतोय, चाचा, हे काय नवीन बसवलंत?

वर्षाली: लावलं कुणी होतं?

हनीफ: मीच.

वर्षाली: आणि चोर ठरवलंत कामावरच्या सुजितला.

हनीफ: चोर नाही म्हटलं हो. कुठं ठेवलास ते सांग, पोलिसांना बोलवायला लावू नकोस, एवढंच म्हटलं.

वर्षाली: मग वेगळं काय झालं?

हनीफ: काही नाही. पण तो बोललाच नाही ना! हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि चालता झाला. पंचवीस वर्षं पोरं सांभाळतोय मी. खरा असेल तो भांडतो, आईची शपथ घेतो. हा गुपचूप निघाला, म्हणून वाटलं की ह्यानंच घेतला.

वर्षाली: ते मी शिकवलं होतं त्याला.

हनीफ: काय?

वर्षाली: राग डोक्यात गेला की हातातलं खाली ठेवायचं, एक शब्द बोलायचा नाही, बाहेर पडायचं. सतरा वर्षांचा असताना त्यानं भांडणात कोयता उचलला होता, म्हणून तर तो ह्या वर्गात आला. सहा महिने आम्ही तेच घोटतोय. मी त्याच्यावर नाही नाही ते आळ घ्यायचे आणि तो त्या दारातून बाहेर जायचा. पोरं टाळ्या वाजवायची.

हनीफ: मला कुणी बोललं का हे?

वर्षाली: नाही. कामाला लावताना मी तुम्हाला त्याची केस सांगितली. इथं तो काय शिकतोय ते सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

हनीफ: अर्ध्या तासानं परत आला होता तो.

वर्षाली: हे तुम्ही फोनवर सांगितलं नाहीत.

हनीफ: तुम्हाला फोन आधीच केला होता. मग तो दिसला तसा मी शटरमध्ये आडवा उभा राहिलो. म्हटलं, आत पाय ठेवायचा नाही. जुम्म्याची नमाज पढून आलो होतो, मॅडम. तासाभरात त्याच तोंडानं हे बोललो.

वर्षाली: आणि मी तुमच्या त्या फोनवरून बाल न्याय बोर्डाला रिपोर्ट लिहून पाठवला. काम सोडून गेला, चोरीचा संशय. सुजितला साधं विचारलंसुद्धा नाही. उद्या अकराला त्याची बोर्डापुढं तारीख आहे. तो कागद वाचल्यावर त्याला सुधारगृहाबाहेर ठेवतील असं मला वाटत नाही.

हनीफ: दुसरा लिहा की.

वर्षाली: लिहिते. पण तुम्हाला तिथं स्वतः येऊन सांगावं लागेल.

हनीफ: येतो. गॅरेज बंद ठेवतो उद्या. आत्ता कुठाय तो?

वर्षाली: मागच्या खोलीत खुर्च्या रचतोय. दोन तास शेवटच्या रांगेत बसला होता, मान वर केली नाही.

हनीफ: मग मी निघतो. उद्या तिकडंच भेटू.

वर्षाली: चाचा, आधी त्याला सांगा.

हनीफ: कसं सांगू? माझा पोरगा तौसिफ एकोणतीसचा झाला, त्याच्यापुढं कधी चूक कबूल केली नाही मी.

वर्षाली: मग बसा. मी सुजित आहे असं समजा आणि बोला.

हनीफ: म्हणजे आता माझा वर्ग?

वर्षाली: बोला.

हनीफ: सुजित बेटा, झालं गेलं विसरून जा.

वर्षाली: म्हणजे विसरायचं कामही त्याच्यावरच. पुन्हा.

हनीफ: गैरसमज झाला. पण तूसुद्धा तोंड उघडायचं होतंस...

वर्षाली: पुन्हा.

हनीफ: मशीन मी विसरलो आणि नाव तुझं घेतलं. मी...

सुजित: मॅडम, खुर्च्या झाल्या. ही चावी.

वर्षाली: थांब, सुजित. चाचा आलेत.

सुजित: दिसले मला.

हनीफ: स्कॅनर माझ्या हातनं गाडीत राहिला होता. चार गिऱ्हाइकांसमोर मी तुझ्यावर आळ घेतला. तुझी काही चूक नव्हती. माझी होती. मला माफ कर.

वर्षाली: माझीही होती. तुला इतकं ओळखूनही मी न विचारता लिहिलं.

सुजित: ठावं हाय. संस्थेतून आईला फोन आलता.

हनीफ: उद्या बोर्डापुढं सगळं सांगतो मी. तू काळजी करू नकोस.

सुजित: बोर्डाचं उद्या हुईल. चाचा, आज माझ्या घरी याल का?

हनीफ: घरी?

सुजित: आई कालपासून बोलंना. माझी गादी उसवून बघितली तिनं. म्या म्हनलं, मी न्हाई घेतलं. तर म्हनती, मग मॅडमनं कामून लिवलं?

वर्षाली: मी येते, सुजित.

हनीफ: मीपण. आत्ताच जाऊ. असेल का ती घरी?

सुजित: कँटीनला सेकंड शिफ्ट हाय तिची. एकला घरनं निघती.

हनीफ: मग चल, बस गाडीवर.

सुजित: पर तिथं गेल्यावर तुमी दोघं पुढं व्हा. मला बघितलं की ती आत निघून जाती.