उजव्या कानाचं मत

खरं म्हणजे हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. दादानं शपथ घालून बजावलंय, मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि तुम्हाला सांगते, तोंड न उघडणं हीच तर माझी शाळेतली ख्याती आहे. हजेरीला मी 'हजर' म्हणत नाही, नुसता हात वर करते, बाईंचं लक्ष नसेल तर गैरहजर लागते, पण बोलत नाही. मग आज का बोलतेय? तर हा चष्मा. नवा आहे आणि चुकीचा आहे. यातून मला तुमच्यापैकी एकाचाही चेहरा दिसत नाहीये. आजोबा, तुम्ही म्हणजे एक पांढरा गोळा आहात, काकू, तुम्ही जांभळा, आणि गोळ्यांसमोर बोलायला मला अजिबात भीती वाटत नाही हे मला आत्ताच, या बाकावर बसल्या बसल्या कळलं. शिवाय आई समोर शिंप्याकडे गेलीय, आणि चष्मेवाल्या ताई आत काचा घासतायत, ते यंत्र घर्र घर्र करतंय तोवर त्यांना काही ऐकू जायचं नाही. तेव्हा पटकन सांगून टाकते.

मी कौतुकच केलं होतं हो. एवढं आधी लक्षात ठेवा, पुढे मी कितीही वाईट वाटले तरी.

'उलटा जिना' नावाचा एक रॉक बँड आहे. नाही ऐकला? काही हरकत नाही, फार लोकांनी नाही ऐकलेला, आणि ज्यांनी ऐकलाय ते एकमेकांना रस्त्यात ओळखतात अशी परिस्थिती आहे. चौघं जण. एक गाणारा, तोच पहिली गिटार वाजवतो, एक बेसवाला, एक ड्रमवाला आणि दुसरी गिटार वाजवणाऱ्या एक बाई. अकरा गाणी आहेत त्यांची आणि अकराही मला पाठ आहेत, शब्दांसकट, श्वासांसकट. पाचव्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी गाणारा हलकेच खोकतो, तेही मला पाठ आहे, मला स्वतःला खोकला झाला की मी तसाच खोकते, आईला वाटतं घसा बसलाय. पहिलं गाणं 'कुलूप', ते सगळ्यांना आवडतं म्हणून मला जरा कमी आवडतं. 'तिसरा मजला'मधले ड्रम म्हणजे कुणीतरी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना उतरतंय आणि कपाट कुठेही आपटत नाहीये, असे. 'आज नको'मध्ये तो नऊ वेळा 'आज नको' म्हणतो आणि नऊही वेळा कारण वेगळं आहे हे आपल्याला कळतं, तो ते कारण सांगत नाही तरी. ही सगळी माझी मतं. आता मला सांगा, अशी मतं असलेल्या मुलीनं ती कुठे ठेवायची? वर्गात ठेवली तर हसतील. म्हणून लिहिली. बँडचं एक पान आहे, तिथे चाहते लिहितात. मी अकराही गाण्यांवर लिहिलं, एकवीस दिवस खपून, तीनदा खोडून, शुद्धलेखन तपासून. खाली नाव काय दिलं? 'कानसेन'. मी स्वतः. स्वतःला. अजून अंगावर काटा येतो, बघा हात.

आता मी गाणी ऐकत कशी होते ते ऐका, कारण सगळा घोळ तिथेच आहे. माझं अभ्यासाचं टेबल असं, उजवीकडे भिंत, डावीकडे दार. आईचं म्हणणं, अभ्यास करताना गाणी ऐकणं म्हणजे पुस्तकाच्या तोंडावर जांभई देणं. म्हणून इयरफोनची वायर केसांखालून घ्यायची, एक टोक उजव्या कानात, भिंतीच्या बाजूला, दुसरं कॉलरच्या आत, आणि डावा कान आईसाठी मोकळा. आईची चप्पल वाजली की वायर खाली, डोकं पुस्तकात. दोन वर्षं. दोन वर्षांत एकदाही सापडले नाही, आणि तुम्हाला सांगते, मला त्याचा अभिमान होता.

ती दुसरी गिटार सगळी डाव्या बाजूला आहे.

हो. त्या बाई स्टेजवर डावीकडे उभ्या राहतात, म्हणून बँडनं रेकॉर्डिंगमध्येही त्यांना पूर्ण डावीकडे ठेवलंय, मजा म्हणून. म्हणजे दोन वर्षं त्या माझ्या कॉलरमध्ये वाजवत होत्या.

आणि मी लिहिलं काय? आजोबा, हसू नका हं, म्हणजे तुम्ही हसताय की नाही ते मला दिसत नाहीये, पण नका हसू. मी लिहिलं, 'या बँडमधली सर्वांत थोर कलावंत म्हणजे दुसरी गिटारवादक. ती फोटोत आहे, पण गाण्यांत कुठेही नाही. असा संयम आजकाल दुर्मीळ.' पुढे लिहिलं, 'सहाव्या गाण्यात तर तिनं कमाल केली आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही वाजवलेलं नाही.' सहावं गाणं त्या बाईंनी स्वतः रचलंय. आणि 'रिकामी खुर्ची'... माझं सगळ्यांत लाडकं. त्यात मध्ये चाळीस सेकंद काही नाही, नुसती ड्रमच्या काठावर टिकटिक, रिकाम्या खोलीत घड्याळ असावं तशी. म्हणजे उजव्या कानात. मी तिथे दर वेळी डोळे मिटायची. मी लिहिलं, 'दुसरा एखादा बँड असता तर त्यानं इथे गिटार घुसडून वाट लावली असती. या चाळीस सेकंदांसाठी मी दुसऱ्या गिटारवादकाची आयुष्यभर ऋणी राहीन.' ते चाळीस सेकंद म्हणजे त्या बाईंचा एकटीचा भाग. अख्ख्या अकरा गाण्यांतला एकच, त्यांचा असा.

पण मी कौतुकच केलं होतं हो. मला खरंच वाटलं होतं की काही माणसं न वाजवण्यासाठी ठेवलेली असतात. आमच्या शाळेच्या वाद्यवृंदात मला त्रिकोण दिलाय आणि तो वाजवायची पाळी अजून आलेली नाही. मला वाटलं, ही माझ्यासारखीच आहे.

दुसऱ्या दिवशी पान उघडते तर काय, शेकडो लोक. 'कानसेन, काय लेखणी आहे.' 'जिवंत सोललं बाईला.' 'एवढं गोड विष पाजणारा माणूस पाहिला नाही.' मला वाटलं, सोलणं हा कौतुकाचा काहीतरी नवा शब्द असेल, मला कुठे सगळे नवे शब्द माहीत असतात? एकानं लिहिलं, 'अशा निर्दयी माणसाची गरजच होती.' मी म्हटलं, घाईत टाइप केलं असेल, निर्भीड म्हणायचं असेल. ड्रमवाल्यानं लिहिलं, 'हे जरा जास्त झालं.' मला वाटलं, त्याच्यावर कमी ओळी लिहिल्या म्हणून रुसला. दिवसभर मी तरंगत होते. त्या दिवशी हजेरीला मी 'हजर' म्हटलं, बाईंनी चष्मा काढून पाहिलं कोण बोललं ते.

संध्याकाळी राहवेना म्हणून दादाला दाखवलं. तो वाचतो आणि माझ्याकडे बघतो, वाचतो आणि बघतो. म्हणाला, "तू इतकी दुष्ट कधी झालीस गं?" मी म्हटलं, "दुष्ट काय त्यात?" "अगं, तिची गिटार तुला एवढी वाईट वाटते?" "कुठली गिटार?" मग त्यानं माझ्या कॉलरमधून ते दुसरं टोक ओढून काढलं आणि डाव्या कानात घातलं. आई बाहेर गेली होती. 'रिकामी खुर्ची' लागलं. टिकटिक आली. आणि मग डावीकडून... काकू, कसं सांगू? त्या रिकाम्या खोलीत कुणीतरी येऊन बसलं. एवढंच. इतकं हळू की खुर्चीही वाजली नाही. मला रडू आलं. आधी आलं ते इतकं सुंदर आहे म्हणून, आणि ते पुरतं येतंय तोवर दुसरं आलं. दादा आधी हसत होता, मग त्यानं हसणं थांबवलं, हे जास्त वाईट. म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. कानसेन मेला म्हणून समज." आणि तेव्हापासून जेवताना तो माझ्या उजव्या बाजूला बसतो, म्हणतो, "इकडूनच बोललेलं तुला पोचतं."

पण मला गप्प बसवेना. नेमकं तेव्हाच. आयुष्यभर गप्प बसले आणि नेमकं जिथे बसायचं तिथे नाही. मी पुन्हा लिहिलं, 'क्षमा असावी. मागचं मत मी एकाच कानानं ऐकून दिलं होतं. काल प्रथमच दोन्ही कानांनी ऐकलं. दुसरी गिटार आहे, आणि ती असल्याचं मला अतोनात वाईट वाटत आहे.' म्हणजे, ती असूनही मी ऐकली नाही याचं वाईट वाटत आहे असं म्हणायचं होतं, रडत लिहिलं की वाक्यं अशी होतात. झालं. पहिल्या वेळेच्या दुप्पट लोक. 'कानसेननं आता तर कहर केला.' 'म्हणे एक कान. बाईला पुरतं गाडलं.' मी लिहिलं, मी खरं बोलतेय. तर लोक लोळायचे बाकी. मी दोन्ही लेख काढून टाकले, तर म्हणाले, पाहा, कानसेनही न वाजवण्याच्या कलेत शिरला.

आजोबा, तुम्ही हात हलवताय का? पाणी हवंय? तो नळ तिकडे आहे, दाराजवळ... बरं, नको तर नको.

तर आठवड्यानं कळलं, त्या बाईंनी बँड सोडला. कशाला नाही सोडणार? आता तिघंच वाजवतात. मागच्या कार्यक्रमाला दादा गेला होता, 'रिकामी खुर्ची'त ते चाळीस सेकंद आता खरंच कुणी वाजवत नाही. नुसती टिकटिक. लोक टाळ्या वाजवतात म्हणे, आणि गाणारा म्हणतो, "हे कानसेन यांना." म्हणजे बघा, मी जे ऐकलं होतं, ते आता सगळ्यांना ऐकावं लागतंय. आणि या शनिवारी नवीन रेकॉर्डिंग आहे. तिघांचंच. ते झालं की झालं.

आणि मागच्या आठवड्यात मला फळा दिसेना म्हणून आई मला चष्म्याला घेऊन आली. इथे. याच दुकानात. आत अंधाऱ्या खोलीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट घातली, आणि ताई काचा बदलत होत्या तेव्हा त्यांची बोटं दिसली. डाव्या हाताची टोकं कडक झालेली, रेघा पडलेल्या. मी म्हटलं, असतील काचांमुळे. तेवढ्यात आई म्हणते, "ताई, कपाटाखाली ती गिटार कुणाची हो?" "माझीच. आता नाही वाजवत." "का बरं?" त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मी नसले की गाणं जास्त चांगलं वाटतं, असं लोकांनी लिहिलं. बाळ, डावा डोळा झाक आणि वाच."

मी काय वाचणार? आणि आईला तुम्ही ओळखत नाही. ती म्हणाली, "कोण म्हणे हे लोक? ज्यानं असं लिहिलं त्याच्या घरी आई आहे की नाही? माझ्या मुलीनं कुणाबद्दल असं एक अक्षर लिहिलं असतं ना, तर मी..." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "ही बघा, हिच्या तोंडातून शब्द निघत नाही." मी डोळे मिचकावत जे दिसेल ते वाचलं. पाण्यातून दिसतं ते. ताई म्हणाल्या, नंबर बराच वाढलाय. तोच हा चष्मा. यातून जमीन वीतभर वर दिसते, मी आठवडाभर सपाट रस्त्यावर पाय उचलून चालतेय, म्हणून आज पुन्हा तपासायला आणलंय.

पण मी ठरवलंय. आई नाहीये, शनिवार परवावर आलाय, आतली खोली अंधारी आहे, आणि अंधारात त्या मला गोळ्यासारख्याही दिसणार नाहीत. दिवा गेला की मी सांगणार, की कानसेन म्हणजे मी, की मी कौतुकच केलं होतं, की माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसावं तसं ते चाळीस सेकंद मला रोज लागतात आता, दोन्ही कानांत, की तुम्ही शनिवारी गेला नाहीत तर मी जन्मभर... आजोबा, तुम्ही पुन्हा हात हलवताय. आणि काकू, तुम्हीही? काय दाखवताय? फळी? आतल्या खोलीच्या आडोशाची फळी, तिचं काय, वरून उघडी आहे, ती तर मघापासून...

ते यंत्र केव्हा बंद झालं?

नाही, म्हणजे साधारण. मी त्रिकोणाचं सांगितलं त्याआधी की नंतर? मला वाटलं, तुम्हाला पाणी हवंय. बरं, असू दे, त्यांनी सगळंच ऐकलं असेल असं नाही, फळी म्हणजे कितीही झालं तरी फळी, आणि मी तर मुद्दाम हळूच बोलत होते, आणि समजा ऐकलंच असेल तरी त्यांना काय ठाऊक की मीच ती...

"कानसेन, या आत. आणि दोन्ही कान घेऊन या."

डाव्या कानानं ऐकलंय मी. त्या कानाचं कधी चुकत नाही. काकू, आई आली तर तिला एवढंच सांगा की मी