फोन चोरीला गेला नव्हता, याबाबतचा पुरवणी जबाब

नासोलेवू पोलीस ठाणे, फिजी
गुरुवार, दिनांक १४ ऑगस्ट, सकाळी ९.२०

मी, सैरुसी वाकातावा, वय ५१ वर्षे, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे, राहणार धक्क्याजवळ, नाइकोरो गाव, नासोलेवू बेट, कोणी बोलावलेले नसताना स्वतःहून ठाण्यात येऊन कॉर्पोरल शलेंद्र प्रसाद यांच्यासमोर सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी मुलगी लानिएता, वय २६, ऑस्ट्रेलियात टूवूम्बा येथे वृद्धाश्रमात कामाला आहे. परवा मंगळवारी, दिनांक १२ रोजी, मी याच टेबलाशी बसून माझा फोन वेरेनिकी रोकोतुई याने चोरल्याची तक्रार दिली. त्या तक्रारीतले ठिकाण, वेळ आणि फोनचा रंग बरोबर आहे. चोरी झालेली नाही.

वेरेनिकी, वय ४३, हा माझ्या मामाचा मुलगा, म्हणजे आम्ही एकमेकांचे तवाले. प्रसाद साहेब याच बेटावर वाढलेले असल्याने त्यांना हे ठाऊक आहे, पण कागद पुढे न्यायालयात जाणार म्हणून सांगतो. तवाल्याने तवाल्याची हवी तेवढी टर उडवावी आणि दुसऱ्याने रागवायचे नाही, असे हे नाते आहे. माझी बायको वारली त्या दिवशीसुद्धा त्याने मला हसवले होते.

सदर फोन लानिएताने जून महिन्यात गावी येणाऱ्या एकाबरोबर पाठवला. तो त्या कंपनीचा सर्वांत वरचा, यंदाचा फोन आहे. किंमत बावीसशे ऑस्ट्रेलियन डॉलर. गेल्या वर्षीचा याहून तीनशेने स्वस्त होता, असे तिनेच सांगितले. मी विचारले की मग या तीनशेत नवीन काय आले. ती म्हणाली, "कॅमेरा, बाबा." कॅमेरे जुन्यालाही होते. मी पुढे विचारले नाही, कारण ती रात्रपाळी करून आली होती.

मी स्वतः मेकॅनिक आहे. वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तिची किंमत मला कळत नाही, आणि या फोनला कुठेही स्क्रू नाही. त्यामुळे तो महाग की स्वस्त यावर माझे मत झालेले नव्हते. वेरेनिकीचे झालेले होते.

रविवारी दिनांक १० रोजी प्रार्थनेनंतर गावच्या सभागृहात आम्ही सात-आठ जण यांगोना, म्हणजे मुळांचे पेय, प्यायला बसलो होतो. वाटी माझ्यापर्यंत आली तेव्हा वेरेनिकी सर्वांदेखत म्हणाला, "तेवढ्या पैशात पंधरा घोड्यांचं जुनं इंजिन येतं. आमचा तवाले इंजिन खिशात घालून फिरतो आणि चालतो मात्र पायी."

मी म्हणालो, "तुझ्या इंजिनात लानिएता दिसते का?"

तो म्हणाला, "माझ्या दोनशेच्या फोनात दिसायची की."

"धूसर दिसायची."

"तुझ्यावर गेलीय पोरगी. स्पष्ट बघून काय करायचंय?"

लोक हसले. मग तो म्हणाला की फोन आल्यापासून माझे हात मऊ झाले आहेत. शनिवारी त्याचे इंजिन उघडताना मी आधी हात पुसले, फोटो काढला आणि मग पाना घेतला, असेही त्याने करून दाखवले. हे खरे आहे. लोक बराच वेळ हसत होते. मीही हसलो. सदर इंजिन मी सोमवारी दुपारी बसवून त्याला परत दिले. त्याबद्दल पुढे सांगतो.

मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वेरेनिकी धक्क्यावर होडीत पेट्रोल चढवत होता. मी चहा घेऊन तिथे गेलो होतो. त्याचा स्वतःचा फोन आदल्या आठवड्यात खाऱ्या पाण्यात पडून बंद झाला होता. पुढच्या महिन्यात तो ऑस्ट्रेलियात द्राक्षे तोडायला सहा महिने जाणार आहे. दोन वर्षे नाव दिल्यावर यंदा त्याची निवड झाली. त्याला पोलिसांचा दाखला उद्या शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. दाखल्यावर चोरीची नोंद असेल तर त्याच्या जागी दुसरा जातो. त्याला चार मुले आहेत.

धक्क्यावर तो मला म्हणाला, "तिकडे गेल्यावर मेरेला तोंड दाखवायला काहीतरी लागेल." मेरे ही त्याची बायको. मी म्हणालो, "तुझं तोंड सहा महिने दिसलं नाही तर तिची तब्येत सुधारेल." त्यावर तो हसला आणि म्हणाला, "केरेकेरे, सैरुसी. तुझा फोन."

मंगळवारच्या तक्रारीत मी हा एक शब्द सांगितला नाही. केरेकेरे म्हणजे कृपया, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. चहात साखर हवी असली तरी आपण केरेकेरे म्हणतो. पण नात्यातल्या माणसाने वस्तूकडे बघून तो शब्द उच्चारला, तर ते मागणे असते. मग नाही म्हणत नाहीत. दिलेली वस्तू परतही मागत नाहीत. वेरेनिकीने फोनकडे बघून म्हटले होते. मी फोन दिला. तो लानिएताने पाठवलेला असल्याने मला वाईट वाटले. ते मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही. त्याने फोन पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तो मासे धरायला गेला.

तो रोज अकरापर्यंत परत येतो. मंगळवारी आला नाही. साडेअकरा वाजता मी मेरेकडे गेलो. ती कसावा सोलत होती. ती म्हणाली, "येईल. मासे लागले असतील." मी थांबलो नाही. सव्वाबारा वाजता मी या ठाण्यात आलो आणि प्रसाद साहेबांना सांगितले की वेरेनिकीला उशीर झाला आहे, होडी पाठवा.

साहेब म्हणाले, "सैरुसीकाका, एक तास? मासेमारीत एक तास म्हणजे उशीर? वारा नाही, पाऊस नाही. संध्याकाळपर्यंत नाही आला तर मी स्वतः निघतो." यात साहेबांची चूक नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. काळजी करण्यासारखे काही आहे का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

मग मी बाहेर जाऊन पायरीवर सुमारे पाच मिनिटे उभा राहिलो. त्यानंतर परत आत येऊन सांगितले की माझा फोन चोरीला गेला आहे, किंमत बत्तीसशे फिजी डॉलरच्या वर, चोर वेरेनिकी. किंमत ऐकून साहेबांनी कागद ओढला. हे मी दोष म्हणून सांगत नाही. तसे होईल हे ओळखूनच मी किंमत आधी सांगितली होती.

फोन हरवला तर सापडावा म्हणून लानिएताने तो आपल्या नावाशी जोडून ठेवला होता. ठाण्यातून तिला फोन लावला. तिने आपल्या फोनवर बघून सांगितले की ठिपका प्रवाळाच्या कड्याबाहेर, पश्चिमेला आहे आणि हळूहळू आणखी पश्चिमेला सरकतो आहे. तिने विचारले, "बाबा, तिकडे कोणतं बेट आहे?" तिकडे बेट नाही. साहेब म्हणाले, "चोर भलताच लांब निघालाय." एक वाजून पाच मिनिटांनी पोलिसांची होडी निघाली.

पावणेतीनच्या सुमारास वेरेनिकी कड्याबाहेर नऊ-दहा किलोमीटरवर सापडला. इंजिन तापून जाम झाले होते. वल्ह्याला शर्ट बांधून तो बसला होता. सोबतचे पाणी संपले होते. कॉन्स्टेबलने दोर टाकला तेव्हा तो देवाचे आभार मानत होता, आणि होडीत घेतल्यावर त्याला चोरीबद्दल अटक झाली. तेव्हापासून तो ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे. त्याने आजपर्यंत फोन मागून घेतला असे सांगितलेले नाही. का सांगितले नाही, असे आता विचारल्यावर तो म्हणाला की ते देणाऱ्याने सांगायचे असते.

खिशात फोन असताना त्याने मदत का मागितली नाही, असे मला विचारण्यात आले. सदर फोन मालकाचा चेहरा पाहून उघडतो. लानिएताने तो माझ्या चेहऱ्यावर लावून दिला होता. मी पाहिले की तो उघडत असे. जो पाहील त्याला तो उघडतो, असेच मी दोन महिने समजत होतो. वेरेनिकीने होडीत त्याला स्वतःचा चेहरा सतरा वेळा दाखवला. फोन न उघडताही मदतीसाठी फोन लावता येतो, हे आम्हा दोघांना नंतर साहेबांकडून कळले.

(या वेळी मागच्या खोलीतून आवाज आला: "मी फोन मागितला, सैरुसी. तुझं थोबाड मागायला विसरलो." तो जबाबाचा भाग नाही असे साहेब म्हणाले. तो लिहून घ्यावा अशी मी विनंती केली.)

एका तासाच्या उशिराने मी इतका का घाबरलो, हे आता सांगतो. शनिवारी वेरेनिकीचे इंजिन उघडले तेव्हा पाण्याच्या पंपातला इंपेलर खराब होता. इंपेलर म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत ओढणारे रबरी चाक. त्याला सहा पाती असतात. दोन तुटलेली होती आणि एकाला चीर होती. मी त्याचाच फोटो काढला होता, राजधानी सुवाला दुकानात पाठवण्यासाठी. फोटो फार स्पष्ट आला. दुकानदाराने गुरुवारच्या बोटीने नवीन पाठवतो म्हणून कळवले. मी वेरेनिकीला गुरुवारपर्यंत थांब म्हणणार होतो.

रविवारी सभागृहात वर सांगितल्याप्रमाणे झाले. सोमवारी मी जुनाच इंपेलर आत घालून इंजिनाचे झाकण लावले. वेरेनिकीने विचारले, "झालं का रे, मऊ हातवाल्या?" मी म्हणालो, "झालं." तो कड्याबाहेर जाणार आहे हे मला माहीत होते. तवाल्यावर रागवायचे नसते, म्हणून मी रागावलो असे म्हणता येत नाही. पण मी झालं म्हणालो, हे खरे आहे. मंगळवारी साहेबांना हे सांगितले असते तर त्यांनी तेव्हाच होडी काढली असती. मला लाज वाटली. त्यापेक्षा त्याला चोर ठरवणे मला सोपे गेले. दोन रात्री मी झोपलेलो नाही.

खोटी तक्रार दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे मला समजावून सांगितले आहे. ती करावी. वेरेनिकीचा दाखला उद्याच्या आत स्वच्छ मिळावा, एवढे माझे मागणे आहे. फोन त्याचा आहे. लानिएताला मी काल सर्व सांगितले. ती म्हणाली की ठिपका सरकताना तिने पाहिला आहे, फोन वेरेनिकीकाकालाच राहू दे, आणि त्याचा चेहरा कसा लावायचा ते ती सांगेल.

आज सकाळी सात वाजता बोट आली. नवीन इंपेलर मी सोबत आणला असून टेबलावर ठेवला आहे. किंमत अठ्ठावीस डॉलर.

मागच्या खोलीचे दार उघडे होते. इंपेलरबद्दल मी सांगत असताना तिथून काही आवाज आला नाही. प्रसाद साहेबांनी दोनदा मागे वळून पाहिले. मग वेरेनिकी दाराशी आला. त्याचे इंजिन जाम झालेले आहे आणि या वस्तूचा त्याला आता काही उपयोग नाही, हे त्याला माहीत आहे. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "केरेकेरे, सैरुसी."

मी इंपेलर दिला.

हा जबाब साहेबांनी मला आमच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवला, तो वेरेनिकीनेही ऐकला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. केरेकेरे हा शब्द वेरेनिकीच्या तोंडी दोन ठिकाणी आला आहे. दोन्ही ठिकाणी तो मागण्याच्या अर्थाने वाचावा. बाकी दुरुस्ती नाही.

सही: सैरुसी वाकातावा
समक्ष: कॉर्पोरल शलेंद्र प्रसाद