बोटीवर परत न चढलेल्या हेमा रिसबूड

जबाब

मी, सौ. हेमा यज्ञेश्वर रिसबूड, वय ६३ वर्षे, व्यवसाय घरकाम, राहणार फ्लॅट नं. ९, शरयू सोसायटी, वारजे, पुणे. माझ्या मुलाने काल रात्री दिलेल्या मिसिंगच्या तक्रारीत माझा पत्ता खराडीचा टाकला आहे. तो त्याचा पत्ता आहे, माझा नाही. आज रोजी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी पती श्री. यज्ञेश्वर यांच्यासह बरीच वर्षे राहण्यास आहे. पती खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. आम्हाला आमोद हा एकच मुलगा. तो व सून स्पृहा दोघेही खराडीत आयटी कंपनीत नोकरीस असून तिथेच एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. माझी त्यांच्याविरुद्ध मारहाण, उपासमार वगैरे काहीही तक्रार नाही. हे आधीच लिहून घ्या, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या मुलाचा जीव भांड्यात पडेल.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने आम्हाला मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची सफर दिली. एक नाही, लागोपाठ दोन. पहिली लक्षद्वीपची, दुसरी गोवा आणि कोचीची, दोन्ही फिरून मुंबईला परत. मी म्हटलं, अरे, एक पुरे. तर म्हणाला, "आई, बॅक-टू-बॅक घेतली की केबिन सेम राहते, बॅगासुद्धा हलवायच्या नाहीत. तू फक्त एन्जॉय कर ना गं." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. घरच्या गणपतीला जेमतेम दीड दिवस रजा मिळणारा मुलगा आईबापांना इतके दिवस समुद्रावर का ठेवतो, हे मी विचारलं नाही. हुरळून गेले.

आमची खोली बोटीच्या आतल्या अंगाची होती. खिडकीच्या जागी पडदा होता. पहिल्या दिवशी मी हौसेने तो बाजूला सारला, तर मागे भिंत. दिवा मालवला की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळायचं नाही. मला गुदमरायला व्हायचं. यांना सांगितलं तर म्हणाले, "झोपायला खिडकी कशाला लागते?" ते मात्र खूश होते. जेवायला रांग, चहाला रांग, बेसिनपाशी हात धुवायलासुद्धा रांग. जन्म कारखान्यात गेला, कुणी उभं राहायची जागा दाखवली की यांना बरं वाटतं. एकच अडचण व्हायची. घराची किल्ली हे जानव्याला बांधतात, चाळीस वर्षांची सवय आहे. बेटावर उतरून परत बोटीवर चढताना तपासणीच्या चौकटीतून गेले की दर वेळी शिट्टी वाजायची आणि दर वेळी हे सदऱ्याची बटणं काढून किल्ली दाखवायचे. मागची माणसं हसायची. मी किती वेळा म्हटलं, पाकिटात ठेवा. "किल्ली पाकिटात राहत नसते," हे उत्तर.

सोमवारी सकाळी बोट मुंबईला लागली. पहिली सफर संपून दुसरी सुरू होण्यामधला हा दिवस. त्या दिवशी काय होतं ते विचारलंत म्हणून सांगते. पहाटेपासून उतरणाऱ्यांची गडबड असते, नाश्ता लवकर उरकायला लावतात. वाटेत जागोजाग चादरींचे ढीग पडलेले असतात. मंगल कार्यालयात सकाळचं लग्न उरकून संध्याकाळच्या रिसेप्शनची तयारी चालते ना, तशी ती दुपार. जे आमच्यासारखे दुसऱ्या सफरीलाही जाणार, त्यांनाही खाली उतरवतातच. खोली साफ करणाऱ्या मुलीने सांगितलं, "आंटी, सगळे उतरले पाहिजेत, मोजणी शून्यावर आली पाहिजे. तोपर्यंत नवीन कुणाला चढवत नाहीत." म्हणजे बोट एकदा पूर्ण रिकामी. मग आम्हाला सर्वांच्या आधी परत चढवणार, पुन्हा तेच स्वागताचं सरबत, आठवडाभर ओळखणारे तेच लोक नव्याने नमस्कार करणार, बुडाल्यास काय करावे याची तीच कवायत. आमच्या गळ्यात एक वेगळं कार्ड अडकवलं आणि धक्क्यावरच्या एका हॉलमध्ये बसवून ठेवलं. दाराशी रखवालदार होता.

समुद्रावर फोन लागत नव्हता. हॉलमध्ये रेंज आली आणि पहिलाच फोन आमच्या शेजारच्या वेणूबाईंचा आला. त्या मूळच्या अकोल्याकडच्या, मुलगा संतोष याच्यासोबत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. म्हणाल्या, "अवं हेमाताई, तुमच्या घरी मानसं सामान बांधून राह्यली ना वं! उद्या टरक येनार म्हनते. तुमी तर काहीच सांगतलं नाही. असं न सांगता कुठं चालले वं?"

मी काय सांगणार? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

मी लागलीच आमोदला फोन केला. तो म्हणाला, "शिट, वेणूमावशींनी सांगितलं का? आई, सरप्राइज होतं. कोचीहून याल ते डायरेक्ट खराडीला. तुमची रूम रेडी आहे, एसी बसवलाय. वारज्याला एक तारखेपासून भाडेकरू येतायत. तुला शिफ्टिंगचा त्रास नको म्हणून तर पाठवलं ना. प्लीज सीन करू नकोस." मी विचारलं, "फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, माझी सही?" तर म्हणाला, "ती काय, आल्यावर घेऊ."

यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते. यांना ठाऊक होतं. म्हणाले, "तुला आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस." अगदी खरं आहे. म्हणूनच सांगायला हवं होतं.

मला खराडीला जायचं नाही, कारण मी तिथे राहून पाहिलं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने काढले. सुनेने काही कमी केलं नाही, बाई ठेवली, फिजिओ ठेवला. पण तिथली लिफ्ट कार्डाशिवाय हलत नाही आणि कार्डं दोनच, दोघं घेऊन जायची. एकदा काठी टेकत कोथिंबीर आणायला बाहेर पडले, तर परत येताना फाटकावरच्या माणसाने अडवलं. वरून फोनवर मंजुरी यावी लागते म्हणाला. सून मीटिंगमध्ये. मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बाकावर बसले. तासाभराने मंजुरी आली. त्या माणसाने वहीत माझ्या नावापुढे 'पाहुणे' असं लिहिलं. मी जीव गेला तरी मंजुरीची वाट बघत पुन्हा त्या बाकावर बसणार नाही.

वारज्याच्या आधी आम्ही खडकीला सरकारी क्वार्टरमध्ये होतो. तिथे पंख्यापासून मोरीतल्या नळापर्यंत सगळ्यावर कारखान्याचे नंबर रंगवलेले. भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज. वारज्याला घर घेतलं तेव्हा रस्तासुद्धा नव्हता, पाणी टँकरचं. पण आल्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल तर स्वयंपाकघरात खिळा ठोकला. कुणाला विचारलं नाही. त्यावर कालनिर्णय लावलं. हवालदार बाई, तुम्हाला हसू येतंय, पण मला त्या दिवशी रडू आलं होतं.

तर हॉलमध्ये मी यांना म्हटलं, "किल्ली द्या." हे म्हणाले, "बोट पाचला सुटते." मी म्हटलं, "सुटू दे." यांनी इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार, चारचौघांत शोभा होणार. पण यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि जानव्याची गाठ सोडवायला लागले. गाठ घामाने घट्ट बसली होती, यांना सुटेना. शेवटी मीच सोडवली. किल्ली माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, "गॅसचा कॉक खालून बंद आहे." मग म्हणाले, "मला यातलं काही ठाऊक नाही." तक्रारीत 'पत्नी कुठे गेली ते पतीस माहीत नाही' असं जे आलं आहे, ते यांनी बोट सुटण्याआधी मुलाला फोनवर तसंच सांगितलं म्हणून. पतीने खोटं सांगितलं असं लिहायचं का, असं हवालदार बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, लिहा. माझ्यासाठी हा माणूस पहिल्यांदाच मुलाशी खोटं बोलला आहे, ते कुठेतरी नोंदलेलं असू दे.

दारावरच्या रखवालदाराने "मॅडम, परत बोटीवर जाणारे इकडे," असं म्हणून अडवलं. मी गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि उतरणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडले. सोबत फक्त पर्स होती. कोल्हापूरच्या एसटीत बसले, म्हणजे वारज्याच्या पुलापाशी उतरता येतं. फोन बंद करून ठेवला. मला कोणी पळवून नेलं नाही, फूस लावली नाही. या वयात कोण लावणार?

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉलभर खोकी. एका खोक्यावर 'डोनेट' लिहिलं होतं, त्यात माझे दोन्ही कुकर, पुरणयंत्र आणि पोळपाट. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं होतं. खिळा तेवढा होता. मी दाराला आतून कडी घातली, खोक्यातून कालनिर्णय शोधून जागेवर लावलं, गॅसचा कॉक उघडला आणि एका भांड्यात भात टाकला. घर माझं, भात माझा, आणि मी चोरासारखी दिवा न लावता जेवले, खिडकीतला उजेड कुणी मुलाला कळवेल म्हणून. याचा मला फार संताप आला.

आज सकाळी सामान नेणारी माणसं आली. त्यांच्याकडे मुलाने दिलेली किल्ली होती, पण आतल्या कडीमुळे दार उघडेना. त्यांनी सुनेला कळवलं. थोड्या वेळाने आमोद आला. दारापलीकडून म्हणाला, "आई, मी रात्रभर झोपलो नाहीये. दार उघड, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत. मग तो रडायला लागला. म्हणाला, "बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा संतोषने हॉस्पिटलला नेलं. मी पोचलो तेव्हा टाके घालून झाले होते. मला रोज तेच दिसतं गं. मी काय करू?" पोटच्या पोराचं रडणं दारामागे उभं राहून ऐकणं सोपं नाही. माझा हात कडीवर गेला होता. पण एकदा उघडलं असतं तर त्याने मला मिठी मारली असती, आणि मिठीतच मी गाडीत बसून खराडीला पोचले असते. मी माझ्या मुलाला ओळखते. मलाही ओळखते. म्हणून उघडलं नाही. पोलीस आल्यावर उघडलं. चहा देणार होते, पण चहाचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते अजून सापडलेलं नाही.

हवालदार बाईंचं म्हणणं असं की, मिसिंग दाखल झालेली बाई मिळाली की तिला नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची रीत आहे आणि मुलगा सही करायला तयार आहे. माझं म्हणणं असं की, मी हरवले नव्हते. हरवलेली वस्तू ज्याची त्याला देतात, मी कुणाची? मुलाने मला भेटायला यावं, रोज यावं, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून द्यावेत, मी नको म्हणणार नाही. पण मला कुणाच्याही ताब्यात देण्यात येऊ नये. माझा नकार असताना नेलंत तर मी फाटकावरच्या त्या बाकावर बसून राहीन आणि वरून मंजुरी आली तरी उठणार नाही.

जबाब चालू असताना हवालदार बाईंनी मला फोन चालू करायला सांगितलं. केल्याबरोबर यांचा फोन आला. तो त्यांच्या समक्ष स्पीकरवर घेतला. मागे बसस्टँडचा गलका ऐकू येत होता. हे म्हणाले, "मी गोव्याला उतरलोय. दोन्ही बॅगा घेतल्यात. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय." मी विचारलं, "आणि कोची?" म्हणाले, "कोचीला काय आहे? रात्री दिवा मालवला आणि मलाही गुदमरलं." मग म्हणाले, "तपासणीत या वेळी शिट्टी वाजली नाही गं. मी तसाच उभा राहिलो, तो माणूस म्हणाला, काका, पुढे चला." आणि शेवटी म्हणाले, "सकाळी पोचतो. माझ्याकडे किल्ली नाही. तू घरी थांब."

आमोद दारात येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं.

तरी मला घरी सोडण्यात यावे, दार उघडायला तिथे कुणीतरी हवं.

एवढाच माझा जबाब. तो हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'सदर महिला मिळून आली' असं आलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'सदर महिला स्वतःच्या घरी होती' असं केलं आहे. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे. खोडलेल्या जागी आणि खाली सही केली आहे.

सौ. हेमा यज्ञेश्वर रिसबूड
रा. वारजे, पुणे

समक्ष : भाग्यश्री मोहिते, महिला पोलीस हवालदार