कुंकू लावलेली रेकॉर्ड

आधी ते 'स्वखुशीने निघून गेला' खोडा हवालदारसाहेब, मगच पुढचं सांगते. मी असं म्हटलेलंच नाही. खोडलंत? आता लिहा.

नाव शैला वामन खांबेटे, वय २४, धंदा टायपिस्टची नोकरी, राहणार कोंडीरामची चाळ, रहाटणी. आज गुरुवार दि. २२ फेब्रुवारी १९७९ रोजी दुपारी ठाण्यात समक्ष येऊन सांगते की, वरच्या पत्त्यावर मी आणि माझा थोरला भाऊ हरिहर, वय ३१, असे दोघंच राहतो. आईवडील नाहीत. भाऊ पिंपरीला एका कंपनीत टाइम स्टडीला आहे. म्हणजे कामगाराच्या मागे उभं राहून एका जॉबला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं.

भावाला जुन्या जॅझ रेकॉर्डी जमवायचा नाद आहे, त्यातही फक्त हार्पच्या. हार्प म्हणजे माणसाएवढं उंच, तारांचं वाद्य. जॅझमध्ये ते फार थोड्यांनी वाजवलं, म्हणून रेकॉर्डी सापडत नाहीत. अकरा वर्षांत एकोणीस मिळाल्या. विसावी त्याने डिसेंबरात पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. लेबल खरवडलेलं होतं. आमचा घरमालक कोंडीराम ती बघून म्हणाला, "राव, हिला नाव न्हाई, गाव न्हाई. कुठली पाहुणी आणली म्हनायची?" भाऊ हसला.

ती आम्ही फक्त गुरुवारी लावायचो. शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकायचा पॉवर प्रेस आहे. तो चालू असला की जमीन हादरते, सुई उडते. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, प्रेस बंद. भाऊ सवयीने दर वेळी वॉच लावायचा आणि आकडा पेन्सिलीने कव्हरवर लिहायचा. ४ जानेवारीला ३ मिनिटं २ सेकंद. ११ ला तेवढंच. १८ ला ३ मिनिटं ९. २५ ला ३ मिनिटं २०. १ फेब्रुवारीला ३ मिनिटं ४१. ८ ला ४ मिनिटं १५. कव्हर तुमच्याच टेबलावर आहे, बघा.

फौजदारसाहेब म्हणाले, व्होल्टेज कमी झालं असेल. आमचा ग्रामोफोन चावीचा आहे. चावी उतरत होती म्हणावं, तर सूर खाली आला असता. तो आला नाही.

वाढलेल्या वेळात गाणं नव्हतं. कुणीतरी एकेक तार जुळवत होतं. ८ तारखेला ते थांबलं आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भाऊ म्हणाला, "माझी वाट बघतायत बहुतेक." मी म्हटलं, "जा मग. येताना कोथिंबीर आण." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

दि. १५ रोजी दुपारी चार वाजता त्याने रेकॉर्ड लावली. मी आत चहा टाकला होता. "शैले, शेवटपर्यंत चालू दे हं," असं तो बाहेरून म्हणाला. मी हो म्हटलं. गाणं झालं, मग तारा जुळवणं सुरू झालं, मग खोकला आला. खोकला भावाचा होता. पण तो खोलीतून येत नव्हता, भोंग्यातून येत होता.

मी दोन कप घेऊन बाहेर आले. खुर्ची रिकामी होती. खाली त्याच्या चपला होत्या. वॉच खुर्चीवर चालूच होतं. मी कप खाली ठेवले. ग्रामोफोनपाशी कुणी नसेल तर सुई उचलून ठेवायची, रेकॉर्ड झिजते, हे मला त्यानेच शिकवलंय. मी तेरा वर्षांची असल्यापासून उचलते. मी सुई उचलली.

त्यानंतर खोकला ऐकू आला नाही.

सुई उचलली तेव्हा निम्मी रेकॉर्ड वाजायची बाकी होती. वॉचमध्ये ७ मिनिटं ३८ सेकंद झाले होते. खिडकीला गज आहेत. दारासमोर कोंडीराम बाज विणत होता. मी विचारलं, "दादा कुठे गेला?" तो म्हणाला, "ताई, मी दुपारधरनं हितंच हाय. दारातनं मांजर बी गेलं न्हाई. आत्ता तर खोकत व्हता की!"

सुई होती ती जागा पुन्हा सापडावी म्हणून मी तिथे लगेच कुंकवाचा ठिपका लावला. पंचनाम्यात 'रक्तासारखा डाग' असं लिहून तुम्ही रेकॉर्ड जप्त केलीत. ते रक्त नाही. तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाई, असली वाद्यं ऐकणारा माणूस कुठल्यातरी पोरीबरोबरच गेला असणार." अनवाणी गेला का, असं मी विचारलं.

आज रेकॉर्ड सील करून पुढे पाठवायची आहे असं कळलं. सीलची लाख तापवताय ते दिसतंय. रेकॉर्डही लाखेचीच आहे. कापडात गुंडाळली तरी आतून वाकेल, मग ती वाजणार नाही. ठिपक्यावरून बोटही फिरवू नका. तिथून पुढे मला ती शेवटपर्यंत वाजवायची आहे. माझी दुसरी काही मागणी नाही. कुणावर संशय नाही.

हवालदार सोपानराव यांनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलंय. सही केली आहे.

साहेब जेवून येईपर्यंत बसा म्हणताय, पण मी बसत नाही. उद्या सकाळी सातला प्रेस सुरू होईल. रेकॉर्ड मी घेतली आहे. चोरी म्हणून लिहायचं असेल तर सहीखाली जागा आहे, लिहा. मागोमाग याल तर कोंडीरामकडे थांबा. दार उघडलंत आणि मी खोलीत दिसले नाही, तरी सुई उचलू नका. निघते.